शालेय सायकल सहल : माणसे किती हवीत आणि काळजी कोणती घ्यावी

(संस्थेच्या वार्षिक सभेस जोडून भरलेल्या मुख्याध्यापक-पालक मेळाव्यात रुग्णालयाच्या अपघात विभागातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाच्या वतीने बोलावयाचे म्हणजे खाटांची संख्या, झालेल्या शस्त्रक्रिया आणि नव्याने आलेली यंत्रसामग्री यांचा आढावा घ्यावयाचा, असा प्रघात आहे. तो आढावा अहवालात अन्यत्र आलेलाच आहे. आज आम्ही आपली अनुमती घेऊन एका वेगळ्या विषयाकडे वळत आहोत. परिसरातील काही मुख्याध्यापकांनी आमच्याकडे एक प्रश्न आणला : विद्यार्थ्यांची सायकल सहल न्यावी, की रस्त्यांची आजची स्थिती पाहता ती बंदच करावी? प्रश्न वरकरणी शाळेचा वाटला तरी त्याच्या उत्तराचा एक भाग रुग्णालयाकडे असतो, कारण सहलीत काही उणे राहिले तर त्याची परिणती आमच्या अपघात कक्षाच्या दाराशी येते.

आमचे उत्तर प्रथमच सांगतो. सहल बंद करू नये. मात्र पुरेशी माणसे नसताना ती नेऊही नये. या दोन वाक्यांतील अंतर कसे भरून काढावयाचे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

सहल बंद का करू नये

मुलाला सायकलवरून आपला मुलूख दाखविणे यासारखे दुसरे शिक्षण थोडेच असेल. वाईहून निघालेल्या मुलांना मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा, तेथील कृष्णेचा घाट आणि वसईच्या मोहिमेनंतर तेथे आलेली ती मोठी घंटा पाहावयास अवघे तीन किलोमीटर जावे लागते. तीच वाट पुढे धोमच्या नृसिंह मंदिराकडे आणि धरणाकडे जाते. एकूण अंतर एका बाजूने दहा किलोमीटरच्या आतच राहते. बसमधून गेलेल्या मुलाला वाडा दिसतो; सायकलवरून गेलेल्या मुलाला चढ, उतार, वारा, पाट, ऊस आणि गावे यांच्यासह वाड्यापर्यंतचा प्रदेश कळतो.

याहून महत्त्वाचे म्हणजे, सहल बंद केल्याने मुलांची सायकल बंद होत नाही. खेड्यापाड्यांतील अनेक मुले-मुली रोज सायकलवरूनच शाळेत येतात. मानव विकास कार्यक्रमातून कित्येक तालुक्यांतील मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या आहेत. ही मुले रोजच्या रस्त्यावर एकटी असतात. त्यांना रस्त्यावर कसे वागावे हे शिकविणारे कोणी नसते. नीट आखलेली सहल हाच त्यांच्या वाट्याला येणारा एकमेव सराव असू शकतो. तेव्हा सहल रद्द करून धोका टळतो असे म्हणता येत नाही. तो फक्त शाळेच्या नजरेआड जातो.

आता कोणी वडीलधारे म्हणतील, आम्ही तर लहानपणी पंधरा-पंधरा मैल सायकल हाणली, तेव्हा कोण होते बरोबर? हे म्हणणे खरे आहे. पण तेव्हाच्या रस्त्यावर दिवसातून मोजकी वाहने जात. आज त्याच रुंदीच्या रस्त्यावर मोटारी, मालवाहू टेम्पो, पर्यटकांच्या गाड्या आणि वेगवान दुचाकी आहेत. शिवाय आपल्या भागातील एक गोष्ट सहलीचे वेळापत्रक आखताना सहसा विसरली जाते. शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगामही त्याच सुमारास भरात असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, मागे दिव्यांचा पत्ता नाही, आणि चालकाला मागचे काहीही दिसत नाही. अशा ट्रॉलीला ओलांडावयास जाणारे मूल आणि अशा ट्रॉलीने ओलांडलेले मूल, दोन्ही सारख्याच संकटात असतात. म्हणून सहलीचा मार्ग ठरविताना ऊस कोणत्या रस्त्याने आणि कोणत्या वेळी जातो, याची चौकशी गावात आधी करावी.

माणसे किती हवीत

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सहलीस किती मोठी माणसे हवीत, याचे उत्तर पुष्कळदा 'वर्गशिक्षक आणि एक शिपाई' असे दिले जाते. बसच्या सहलीत सर्व मुले एका दाराच्या आत असतात, तेव्हा तेवढ्यावर कदाचित निभावत असेल. सायकल सहलीत प्रत्येक मूल स्वतंत्र वाहनचालक असते. म्हणून माणसांचा हिशेब येथे निराळा करावा लागतो.

समजा, चाळीस मुले एकाच रांगेत निघाली. एक सायकल आणि तिच्या पुढचे मोकळे अंतर मिळून सहा मीटर धरले, तर पुढचे व मागचे शिक्षक मिळून बेचाळीस सायकलींची रांग सुमारे अडीचशे मीटर लांब होते. मधल्या वळणावर काय चालले आहे हे पुढच्याला दिसत नाही आणि मागच्याची हाक पुढे पोहोचत नाही. दुसरी बाजूही पाहा. मागून आलेल्या मोटारीला एवढी रांग एका दमात ओलांडता येत नाही. समोरून वाहन आले की ती डावीकडे घुसते, आणि तेथे मुले असतात.

तीच चाळीस मुले दहा-दहांच्या चार तुकड्यांत विभागली, प्रत्येक तुकडीपुढे एक व मागे एक मोठे माणूस ठेवले, तर एका तुकडीची लांबी सत्तर मीटरांच्या आसपास राहते. दोन तुकड्यांमध्ये शंभर-दीडशे मीटरांची मोकळीक ठेवली की मागून येणाऱ्या वाहनाला एक तुकडी ओलांडून पुन्हा आपल्या बाजूला येता येते. या विभागणीतच निम्मी सुरक्षितता आहे.

यावरून आमचा हिशेब असा आहे. चार तुकड्यांना आठ माणसे. सोबतच्या वाहनात एक चालक आणि एक प्रथमोपचार जाणणारी व्यक्ती, अशी दोन. सायकलवरच असलेले, पण कोणत्याही तुकडीला न बांधलेले एक राखीव माणूस. आणि शाळेत दूरध्वनीजवळ बसून राहणारे, सर्व पालकांचे क्रमांक हाताशी असलेले एक माणूस. एकूण बारा.

यातील राखीव माणूस अनेकांना अनावश्यक वाटते. पण तिसऱ्या तुकडीतील एक मूल पडले असे समजा. तुकडीचे मागचे शिक्षक त्याच्यापाशी थांबतात. वाहन येते, प्रथमोपचार जाणणारी व्यक्ती मुलाला घेऊन रुग्णालयाकडे निघते. मूल घाबरलेले असेल तर त्याचे शिक्षकही बरोबर जातात, आणि जावेच. आता तिसऱ्या तुकडीला मागचे माणूस नाही. राखीव माणूस नसेल तर कोणीतरी दोन तुकड्या एकत्र करतो, रांग लांबते, मुले बावरलेली असतात, आणि दुसरा अपघात अशाच वेळी होतो. वाहन परत येईपर्यंत चारही तुकड्यांनी रस्त्यापासून दूर, सावलीत थांबावे, हाही नियम याच कारणाने आहे.

मुली असलेल्या प्रत्येक तुकडीत किमान एक शिक्षिका किंवा महिला पालक असावी. तिला सायकल चालविता आली पाहिजे, हे सांगावयास नकोच.

एवढी माणसे लहान शाळेने आणावयाची कोठून, असा प्रश्न साहजिक आहे. आमचे सुचविणे असे की, माणसे मिळत नसतील तर मुले कमी न्यावीत. माणसांचे प्रमाण कमी करू नये. एका दिवशी वीस मुले नेली तर दोन तुकड्यांची चार, वाहनातील दोन, राखीव एक आणि शाळेत एक, अशी आठ माणसे पुरतात. दुसरी तुकडी पुढच्या शनिवारी जाईल. माजी विद्यार्थी, गावातील सायकल दुरुस्ती करणारे कारागीर, सायकलप्रेमी मंडळी, निवृत्त सैनिक यांना बोलावून पाहावे. लोक आनंदाने येतात, असा आमचा अनुभव आहे. मात्र बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाची शाळेने नीट ओळख पटवून घ्यावी आणि त्याला मुलांबरोबर एकटे सोडू नये. पाचवीच्या खालील मुलांना तर वाहतुकीच्या रस्त्यावर नेऊच नये. त्यांचा सराव शाळेच्या मैदानावर व्हावा.

कोणी काय करावयाचे

माणसे नुसती असून भागत नाही; प्रत्येकाला आपले काम ठाऊक असावे लागते.

पुढचे माणूस वेग ठरवते. हा वेग तुकडीतील सर्वांत सावकाश चालविणाऱ्या मुलाचा असावा. म्हणून त्या मुलाला शेवटी न ठेवता पुढच्या माणसाच्या लगेच मागे ठेवावे. शेवटी राहिलेले मूल इतरांना गाठण्यासाठी जीव तोडून सायकल मारते, आणि दमलेले मूल पडते. पुढच्या माणसाला कोणी ओलांडावयाचे नाही आणि मागच्या माणसाच्या मागे कोणी राहावयाचे नाही, हे दोन नियम मुलांच्या इतके अंगवळणी पडावेत की ते पुन्हा सांगावे लागू नयेत.

मागचे माणूस पाहणी करते. कोणाचे मडगार्ड हलते आहे, कोणाची ओढणी चेनकडे लोंबते आहे, कोणी पाणी पिणे टाळते आहे, हे त्यालाच दिसते. त्याच्याजवळ शिट्टी असावी. एक शिट्टी म्हणजे सावकाश, दोन म्हणजे डावीकडे उतरून थांबा. याहून जास्त खुणा ठेवू नयेत.

चौकात किंवा मुख्य रस्ता ओलांडताना सर्वांनी सायकलवरून उतरावे, एकत्र जमावे आणि सायकली हाताने ढकलत एकाच वेळी पलीकडे जावे. शिक्षकांनी रस्त्याच्या मधोमध उभे राहून हात दाखवून वाहने अडवू नयेत. तो अधिकार पोलिसांचा आहे, आणि प्रत्येक चालक शिक्षकाचा हात मानेल याची शाश्वती नाही. मोठा रस्ता ओलांडणे अटळ असेल तर पोलीस ठाण्याला आठवडाभर आधी लेखी कळवावे.

प्रत्येक थांब्यावर मुले मोजावीत, आणि डोक्यांच्या मोजणीबरोबर नावेही वाचावीत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले. तो अपघात सायकलचा नव्हता; पण सहलीच्या ठिकाणी पोहोचल्यावर लक्ष सैल होते, हा त्याचा धडा सर्व सहलींना लागू आहे. आपल्या मुलांचा थांबा मेणवलीचा घाट किंवा धोमचा जलाशय असेल, तर पाण्यात कोणी उतरावयाचे नाही हे निघण्यापूर्वीच सांगावे आणि पाण्याच्या काठावर दोन माणसे केवळ त्याच कामासाठी उभी करावीत.

सायकल, हेल्मेट आणि वेग

सहलीच्या आधी किमान आठ दिवस प्रत्येक सायकल तपासावी, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो. दोन्ही ब्रेक लागतात का, ब्रेकचे रबर झिजले आहे का, चाक डगडगते का, हँडल घट्ट आहे का, हँडलच्या टोकांना रबरी मुठी आहेत का, मागे लाल रिफ्लेक्टर आणि पुढे घंटी आहे का, एवढे पाहावे. सायकल मुलाच्या उंचीची असावी. वडिलांची मोठी सायकल दांडीखालून पाय घालून चालविणारे मूल मैदानात कौतुकाचे असते, रस्त्यावर त्याला झटकन पाय टेकता येत नाही. डबलसीट पूर्ण वर्ज्य मानावे. मागे बसलेल्या मुलाचा पाय आऱ्यांत अडकून होणारी टाचेची आणि घोट्याची जखम दिसावयास लहान असते, भरून यावयास आठवडे घेते.

हेल्मेटविषयी आम्ही आग्रही आहोत. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये सायकलस्वारांना हेल्मेटची सक्ती केली. अशी राज्यव्यापी सक्ती करणारे ते जगातील पहिले राज्य होय. आपल्याकडे सायकलस्वारावर कायद्याची अशी सक्ती नाही. परंतु १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात, अपघात झालेल्या सायकलस्वारांमध्ये हेल्मेटमुळे डोक्याच्या व मेंदूच्या दुखापतीचा धोका ६३ ते ८८ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले आहे. औषधाच्या एखाद्या गोळीने एवढा गुण आला असता तर आपण ती घरोघर वाटली असती. मोटारसायकलचे हेल्मेट मुलाला जड व गरम होते, मान अवघडते; सायकलचेच हेल्मेट घ्यावे. त्यावर युरोपातील ईएन १०७८ किंवा अमेरिकेतील सीपीएससी यांसारख्या मानकाची खूण पाहावी. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर, आडवे बसावे; पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल इतका आवळावा. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट, वरून धड दिसले तरी, पुन्हा वापरू नये.

वेगाचा हिशेब मुलांना शाळेतच करून दाखवावा. ताशी २० किलोमीटर वेगाने सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर जाते, ताशी ३० ने आठ मीटरांहून अधिक, आणि उतारावर ताशी ४० झाला की अकरा मीटर. खड्डा दिसल्यापासून बोटांनी ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. म्हणजे तेवढे अंतर ब्रेक न लागताच संपते. वेग दुप्पट झाला की आदळण्याची ताकद चौपट होते. म्हणून उतारावर सायकलींतील अंतर दुपटीने वाढवावे.

या कारणानेच पसरणीच्या घाटातून मुलांना सायकलवरून उतरवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वाई आणि पाचगणी यांच्या उंचीत पाचशे मीटरांहून अधिक फरक आहे. एवढ्या उतारावर मुलांच्या लहान हातांची पकड ब्रेक दाबून दाबून शिणते, चाकाची कड तापते, वळणावर समोरून बस येते. घाट पाहावयाचाच असेल तर मुलांनी चालत पाहावा, किंवा उतरताना सायकली टेम्पोत घालाव्यात.

वेळेविषयी एक सूचना. हिवाळ्यात सकाळी नदीकाठी धुके असते आणि सूर्य उगवावयास सात वाजतात. धुके पूर्ण विरल्याखेरीज निघू नये. सकाळी पश्चिमेकडे जाताना समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर ऊन येते. त्याला मुले दिसतीलच असे नाही. मुलांना पिवळे किंवा भगवे, दुरून उठून दिसणारे कपडे घालावयास सांगावे. दुपारी बाराच्या आत परत यावे. मार्च लागल्यावर सायकल सहल नेऊ नये. उन्हाचा त्रास मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर होतो.

आरोग्याची माहिती आणि प्रथमोपचार

प्रत्येक मुलाचे एक कार्ड असावे. त्यावर पालकांचे दोन दूरध्वनी क्रमांक, चालू औषधे, कशाची अ‍ॅलर्जी, आणि दमा, फिट्स, मधुमेह, हृदयविकार यांपैकी काही असल्यास त्याची नोंद असावी. ही माहिती गुप्त राहील असा विश्वास पालकांना द्यावा, नाहीतर ते लपवितात. दम्याच्या मुलाचा पंप त्याच्या स्वतःच्या खिशात असावा. मागच्या वाहनातील पेटीत ठेवलेला पंप वेळेवर उपयोगी पडत नाही. मधुमेही मुलाजवळ साखर किंवा ग्लुकोज असावे. फिट्स येणाऱ्या मुलाबाबत त्याच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्याला सायकलवर बसू देणे योग्य नसेल, तरी सोबतच्या वाहनातून नेता येते. आजार आहे म्हणून मुलाला घरी बसविणे हा सोपा मार्ग आहे. पण त्या मुलाच्या मनावर त्याचा घाव बसतो.

मूल पडल्यावर पहिली गोष्ट म्हणजे त्याला घाईने उचलू नये. आधी मागची रहदारी थांबवावी. मान दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा शुद्ध हरपली असेल तर डोके व मान आहे तशी स्थिर धरून रुग्णवाहिकेची वाट पाहावी. रक्तस्राव होत असल्यास स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. जखमेवर हळद, चहापूड, माती यांपैकी काही लावू नये. आम्हाला ती धुऊन काढण्यातच वेळ घालवावा लागतो. बेशुद्ध मुलाला पाणी पाजू नये. कायमचा दात मुळासकट पडला असेल तर मुळाला हात न लावता तो वरच्या भागाने उचलावा, दुधात ठेवावा आणि तासाभरात मुलासह दंतवैद्याकडे न्यावा. असा दात पुन्हा बसविता येण्याची चांगली शक्यता असते.

दोन दुखापतींविषयी शिक्षकांनी आणि पालकांनी विशेष जागरूक राहावे, कारण त्या प्रथम दिसत नाहीत. पहिली डोक्याची. मूल पडून उठले, हसले, पुन्हा सायकलवर बसले, आणि दोन तासांनी त्याला वारंवार उलट्या होऊ लागल्या, ते झोपाळू झाले, असंबद्ध बोलू लागले, एक बाहुली मोठी दिसू लागली, किंवा नाका-कानातून पाण्यासारखे काही आले, तर त्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात आणावे. डोके आपटलेल्या मुलाने त्या दिवशी पुन्हा सायकल चालवू नये, मग ते कितीही बरे वाटते म्हणो.

दुसरी दुखापत पोटाची. पडताना हँडलचे टोक पोटात रुतते. बाहेर एक लहानसा गोल वळ उठतो, कधी तोही नसतो. आत मात्र यकृत, प्लीहा, स्वादुपिंड किंवा आतडे यांना इजा झालेली असू शकते, आणि तिची लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. मूल घरी येते, रागावतील म्हणून पडल्याचे सांगत नाही, रात्री पोट दुखते म्हणते, आणि घरचे लोक अपचन समजून ओवा देतात. म्हणून आमची कळकळीची विनंती आहे की, सहलीतील प्रत्येक पडणे, ते कितीही किरकोळ असो, मागच्या माणसाने वहीत लिहावे आणि त्याच संध्याकाळी पालकांना कळवावे. ही एक नोंद एखाद्या मुलाचा जीव वाचवू शकते. पडल्याचे कळविणाऱ्या शिक्षकाला पालकांनी बोल लावू नये, ही याची दुसरी बाजू. बोल लावले की पुढच्या वेळी कळविणे थांबते.

मदतीची व्यवस्था आणि कायदा

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे; ११२ हा सर्व आपत्कालीन सेवांचा सामायिक क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक प्रत्येक मुलाच्या कार्डावर छापावेत. मार्गाची पाहणी करताना भ्रमणध्वनीची रेंज कोठे जाते हेही टिपून ठेवावे. डोंगराच्या कुशीत अशा जागा पुष्कळ असतात, आणि तेथून माणूस कोठे पाठवावयाचा हे आधी ठरलेले असावे.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात अपघातानंतरच्या पहिल्या तासाला 'सुवर्णतास' म्हणून स्थान मिळाले आणि कलम १३४ अ अन्वये सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण देण्यात आले. जखमी मुलाला आणून सोडणाऱ्या वाटसरूला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. हे आपण सर्वांनी गावोगाव सांगितले पाहिजे, कारण पोलिसांच्या भीतीने न थांबणारी माणसे आजही आहेत.

५ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या योजनेनुसार, मोटार वाहनामुळे झालेल्या रस्ते अपघातातील जखमीस नियुक्त रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोख उपचार मिळू शकतात. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. मूल खड्ड्यात आपटून स्वतःच पडले, कोणत्याही मोटार वाहनाचा संबंध नसला, तर ही योजना लागू होत नाही. शालेय सहलीतील बहुतेक पडणे असेच असते. म्हणून शाळेने सहलीपुरता सामूहिक अपघात विमा काढावा आणि राज्य शासनाच्या विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजनेचे नियमही पाहून ठेवावेत.

आपणांकडून अपेक्षा

एवढे सर्व करावयाचे तर खर्च येतो, आणि तो सर्वांत जड जातो ज्यांच्या मुलांना सायकलचा सर्वाधिक उपयोग आहे त्यांनाच. हेल्मेट परवडत नाही म्हणून, किंवा सायकल धड नाही म्हणून एखादे मूल सहलीच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभे राहावे, हे आपणांपैकी कोणासही रुचणार नाही. ज्याला नियम पाळता येत नाहीत त्याला वगळणारे नियम करण्यापेक्षा त्याला ते पाळता येतील अशी सोय करणे, हे धर्मादाय संस्थेचे काम आहे, असे आम्ही मानतो.

देणगीदारांपुढे म्हणून आम्ही तीन कामे ठेवीत आहोत. पहिले, मुलांच्या निरनिराळ्या मापांच्या हेल्मेटांचा एक संच रुग्णालयात ठेवावयाचा. परिसरातील कोणतीही शाळा सहलीपुरता तो विनामूल्य नेईल आणि परत करील. दुसरे, दरवर्षी पावसाळा संपताच शिक्षकांसाठी व स्वयंसेवक पालकांसाठी प्रथमोपचाराचे शिबिर घ्यावयाचे. आमचे डॉक्टर व परिचारिका ते विनामोबदला चालवितील, मात्र साहित्य लागेल. तिसरे, प्रथमोपचाराच्या पेट्या भरून शाळांना द्यावयाच्या आणि वर्षातून एकदा तपासावयाच्या. मुदत संपलेल्या औषधांची पेटी ही नसलेल्या पेटीपेक्षा अधिक फसवी असते.

मुख्याध्यापकांना विनंती अशी की, सहलीचा दिवस, मार्ग आणि मुलांची संख्या आठ दिवस आधी आम्हास कळवावी. त्या दिवशी अपघात कक्षात एक डॉक्टर अधिक ठेवण्याची व्यवस्था आम्ही करू. मार्ग आम्हास धोक्याचा वाटला तर तसे स्पष्ट लिहू, आणि दुसरा मार्ग सुचवू. माणसे कमी पडत असतील तर तेही सांगावे. आमच्या कर्मचाऱ्यांपैकी सायकल चालविणारे काही जण सुटीच्या दिवशी यावयास तयार आहेत.

पालकांना एवढेच सांगणे आहे की, शाळेने पाठविलेल्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत : बरोबर किती माणसे आहेत, सोबत वाहन आहे काय, प्रथमोपचार कोणास येतो, आणि परतीची वेळ कोणती. उत्तरे समाधानकारक मिळाली तर निःशंकपणे सही करावी, मुलाचे हेल्मेट स्वतःच्या हाताने बसवून पाहावे आणि त्यास आनंदाने जाऊ द्यावे.

येत्या हंगामातील पहिल्या सहलीचे पत्र कोणत्या शाळेकडून येते, याची आम्ही वाट पाहात आहोत.